कंपवाताची गोळी : स्वस्त कोणती, महाग कोणती आणि उपयोगाची कोणती



भाट्यातल्या एका घरातून गेल्या महिन्यात एक प्रश्न आला आणि तो एकट्या त्या घराचा नसल्यामुळे या वेळचे सदर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे. घरातले आजोबा सत्तरीच्या आसपासचे. उजवा हात स्वस्थ बसलेले असताना थरथरतो, चाल मंदावली आहे, पावले घसटत पडतात, चेहऱ्यावरचे हसू गेले आहे. दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले. एक रत्नागिरीत, एक कोल्हापुरात, एक मुंबईला धाकट्या मुलाकडे गेले तेव्हा. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीत ट्रायहेक्सिफेनिडिल, दुसरीत लेवोडोपा-कार्बिडोपा, तिसरीत तीच गोळी आणि जोडीला प्रॅमिपेक्सोल. त्यात भर म्हणून शेजारच्या वाडीतून कोणीतरी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण पुडीत बांधून दिले.

त्या घरच्या सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, चौघांनी चार सांगितलं. घरात मिळवणारा एकच. मुंबईचे भाऊजी म्हणतात की ती लेवोडोपाची गोळी चार-पाच वर्षंच चालते, मग तिचा जोर संपतो, तेव्हा एवढ्यात पुरी देऊ नका. म्हणून मी अर्धीच देते. बरोबर ना?"

या "बरोबर ना"चे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. अर्ध्या गोळीवर ठेवलेला माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, आणि हे सर्व पुढच्या एका कल्पित दिवसासाठी गोळी शिल्लक राहावी म्हणून. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. कोणाची गोळी बदलणे हे माझे काम नव्हे आणि हा लेख वाचून कोणी बदलूही नये. परंतु जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडून पाहण्याची सवय आहे, आणि या गोळ्यांचा हिशेब तसाच मांडता येतो.

प्रथम आजार काय ते थोडक्यात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सन १८१७ मध्ये या दुखण्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, म्हणून याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. आपल्याकडे कंपवात हे नाव जुनेच आहे. या पार्किन्सनसाहेबांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा आणि त्यामुळे ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. महात्मा जोतीराव फुले यांची जयंतीही ११ एप्रिललाच. तेव्हा विहारात जयंतीला सगळी मंडळी जमतात त्या दिवशी दहा मिनिटे या विषयाला द्यायला कोणाची हरकत असू नये, असे मी आपले सुचवून ठेवतो.

मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरळीत व्हायला ते लागते. या पेशी हळूहळू मरत जातात आणि डोपामिन कमी पडते. मग हालचाल मंद होते, स्नायू ताठरतात, कित्येकांना कंप सुटतो. सगळ्यांनाच कंप सुटतो असे मात्र नाही, आणि प्रत्येक कंप हा कंपवात नसतो. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कधी कधी कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसतात. रक्त तपासून हा आजार कळत नाही. जाणकार डॉक्टर माणसाला चालवून, हात उघडझाप करायला लावून ओळखतात. हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत सुमारे १४ हजार लोकांची घरोघर पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण सापडले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे, हे त्यामागचे एक मोठे कारण. आपल्या वस्त्यांतही आता सत्तरी-पंच्याहत्तरी गाठणारी माणसे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. म्हणजे हे दुखणे आपल्याही दारी येणार आणि ते "म्हातारपण" म्हणून किंवा "पिऊन आलाय" म्हणून उडवून लावले जाणार. हे दुसरे मी स्वतः बाजारपेठेत ऐकले आहे. ज्याने जन्मात थेंब घेतला नाही अशा माणसाबद्दल.

आता गोळ्यांकडे वळू.

लेवोडोपा ही या सर्वांतली मुख्य गोळी. तिची हकिगत ऐकण्यासारखी आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रिसर्पिन दिले. रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळातून निघणारे औषध. ससे निपचित पडले. मग त्यांना लेवोडोपा टोचले आणि ससे उठून हिंडू लागले. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात, कंपवाताने वारलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असल्याचे दिसले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास या डॉक्टरांनी लेवोडोपा तोंडाने, थोडे थोडे वाढवत नेऊन दिले तेव्हा वर्षानुवर्षे खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली. कार्लसन यांना सन २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

डोपामिन थेट का देत नाहीत, असे कोणी विचारील. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेवोडोपा शिरते आणि आत गेल्यावर तिचे डोपामिन होते. अडचण अशी की नुसती लेवोडोपा दिली तर बराचसा भाग वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामिन होऊन जातो. त्याने मळमळ व उलट्या होतात आणि औषध वाया जाते. ही गळती थांबवायला कार्बिडोपा जोडतात. कार्बिडोपा मेंदूत जात नाही, बाहेरच पहारा करते. त्यामुळे लेवोडोपाची मात्रा सुमारे चौथा-पाचवा हिस्सा इतकी कमी पुरते. ही जोडगोळी आपल्याकडे सिंडोपा वगैरे नावांनी मिळते. पाकिटावर ११०, १२५, २७५ असे आकडे असतात ते या दोन औषधांची बेरीज होय. ११० म्हणजे १०० लेवोडोपा आणि १० कार्बिडोपा, १२५ म्हणजे १०० आणि २५, तर २७५ म्हणजे २५० आणि २५. मेडिकलवाल्याने "तेच आहे हो" म्हणून ११० च्या जागी २७५ दिले तर ते तेच नव्हे, अडीचपट आहे. पाकीट घरी नेण्याआधी आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा.

दुसरी, ट्रायहेक्सिफेनिडिल. पॅसिटेन या नावाने जुने लोक तिला ओळखतात. लेवोडोपा येण्याआधी हाच काय तो आधार होता. स्वस्त असल्याने अजून सर्रास दिली जाते. कंपावर तिचा थोडा उपयोग होतो, परंतु चालीवर आणि ताठरपणावर फारसा नाही. तरुण रुग्ण असेल आणि कंप हाच मुख्य त्रास असेल तर डॉक्टर विचार करून देतात. सत्तरीच्या माणसाला मात्र तिचा जाच होतो. तोंडाला कोरड, लघवी अडणे, शौचास न होणे, डोळ्यांपुढे अंधुकता, आणि सर्वांत वाईट म्हणजे विसराळूपणा व भ्रम. आजोबा रात्री कोणाशी तरी बोलत बसतात, घरचे म्हणतात बाहेरचे काही लागले आणि भगताकडे नेण्याची भाषा सुरू होते. बंधूंनो, भगत राहू द्या, आधी गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. भाट्याच्या आजोबांना पहिल्या चिठ्ठीनंतर हाच प्रकार झाला होता. डॉक्टरांनी ती गोळी पायरीपायरीने कमी करून बंद केल्यावर भ्रम गेला.

तिसरा वर्ग प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांचा. ही औषधे स्वतः डोपामिन होत नाहीत, डोपामिनची नक्कल करतात. परिणाम लेवोडोपापेक्षा थोडा कमी, पण जास्त वेळ टिकणारा. यांनी दिवसा अचानक झोप येते. रिक्षा चालवणाऱ्याने, होडीवर जाणाऱ्याने किंवा यंत्रावर काम करणाऱ्याने हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. पायांना सूज येते, वृद्धांना भास होतात. आणि एक परिणाम असा की तो कोणी बोलून दाखवत नाही. काही रुग्णांना जुगाराचा, उधळपट्टीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर मटक्याच्या अड्ड्याकडे न फिरकलेला माणूस पेन्शन त्यात घालू लागतो. घरात भांडण होते, अब्रू जाते आणि कारण असते गोळी. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की बहुधा हा नाद ओसरतो. म्हणून ही गोळी सुरू होताना घरातल्या एका माणसाला तरी हे ठाऊक असावे आणि पैशांवर त्याची नजर असावी.

चौथा वर्ग सेलेजिलिन, रासाजिलिन यांचा. ही औषधे मेंदूतले असलेले डोपामिन लवकर नासू देत नाहीत. परिणाम सौम्य. परंतु यांच्याबरोबर नैराश्यावरच्या काही गोळ्या, ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन चालत नाही. एंटाकापोन ही लेवोडोपाच्या जोडीनेच द्यायची, तिचा टिकाऊपणा वाढवणारी गोळी. तिने लघवी नारिंगी-तांबूस होते, घाबरू नये. आणि अमँटाडीन. हे मुळात फ्लूचे औषध. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका कंपवाताच्या रुग्ण बाईने फ्लू टाळायला ते घेतले आणि तिचा ताठरपणा व कंप कमी झाल्याचे दिसले, तेव्हापासून ते इकडे आले. लेवोडोपामुळे होणाऱ्या जादा हालचालींवर ते गुणकारी आहे. मूत्रपिंड अशक्त असेल तर जपून.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे. लेवोडोपा जपून ठेवायची का?

ही समजूत कोठून आली हे समजून घेतले पाहिजे, कारण ती अगदीच हवेतून आलेली नाही. काही वर्षे गेल्यावर लेवोडोपा घेणाऱ्यांना दोन त्रास सुरू होतात. एक, गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही, मधेच माणूस बंद पडल्यासारखा होतो. दोन, गोळी भरात असताना अंगाची नको ती हालचाल होते, मान-हात वेळावतात. लोक म्हणतात अंगात आले. हे पाहून पूर्वी कित्येक डॉक्टरसुद्धा लेवोडोपा शक्य तितकी लांबवावी असे म्हणत आणि साठीच्या आतल्या रुग्णांत सुरुवात दुसऱ्या औषधाने करण्याचा विचार आजही होतो, कारण त्या वयात या जादा हालचाली लवकर येतात. परंतु ज्यांना लेवोडोपाची गरज आहे त्यांनी ती दाबून ठेवून लाभ होतो का, याची पडताळणी झालेली आहे.

ही पडताळणी आपल्यासारख्याच गरीब मुलखात झाली. आफ्रिकेतील घाना देशात लेवोडोपा मिळणे मुश्किल, म्हणून तिथले रुग्ण आजार सुरू होऊन सरासरी चार वर्षांनी औषधाला लागत. इटलीतले रुग्ण सव्वादोन-अडीच वर्षांत लागत. दोहोंची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उशिरा सुरू केलेल्यांना त्रास उशिरा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. दोन्हीकडे त्रास साधारण आजाराच्या त्याच वर्षी सुरू झाला. म्हणजे गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजार किती वर्षांचा आणि मात्रा किती मोठी, यावर तो त्रास अवलंबून. घानाच्या रुग्णांनी उशीर करून काय मिळवले? औषधाविना काढलेली दोन वर्षे. नेदरलँड्समध्येही ४४५ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लेवोडोपा लगेच दिली, निम्म्यांना चाळीस आठवड्यांनी. शेवटी दोघांच्या आजारात फरक दिसला नाही. लवकर दिल्याने आजार बळावला नाही, तसा तो रोखलाही गेला नाही. ही गोळी आजार बरा करीत नाही, दिवस चालता करते.

आणि मोठा हिशेब इंग्लंडचा. तिथे १,६२० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एकाला सुरुवातीस लेवोडोपा, दुसऱ्याला प्रॅमिपेक्सोल-रोपिनिरोल वर्गातले औषध, तिसऱ्याला सेलेजिलिन-रासाजिलिन वर्गातले. २०१४ मध्ये निकाल आला. चालण्या-फिरण्यात लेवोडोपाचा गट थोडा पुढे राहिला. जादा हालचालींचे प्रमाण त्या गटात थोडे जास्त होते, हेही खरे. पण त्रास झाला म्हणून औषध सोडणाऱ्यांचा आकडा पाहा. दुसऱ्या गटात दर शंभरी २८, तिसऱ्या गटात २३ आणि लेवोडोपाच्या गटात फक्त २. माझ्यासारख्याला एवढा रकाना पुरेसा वाटतो. शिवाय ती सर्वांत स्वस्त औषधांपैकी आहे. महाग ते भारी, हा नियम निदान या दुकानात चालत नाही.

तेव्हा सूनबाईंना सांगितले ते असे. वहिनी, गोळी साठवणीची नाही. डॉक्टरांनी पुरी लिहिली असेल तर पुरी द्या. जास्त वाटत असेल तर त्यांनाच विचारा, मनाने अर्धी करू नका. जोडीची तिसरी गोळी सत्तरीत खरोखर हवी आहे का, हे मात्र पुढच्या खेपेस डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसण्याचे दिवस गेले.

खाजकुयलीविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती आपल्या कोकणच्या रानात, कुंपणावर पावसाळ्यात हवी तेवढी उगवते. शेंगेवरची तांबूस लव अंगाला लागली की काय होते ते पोरांना विचारा! तिच्या बियांत खरोखरच लेवोडोपा असते. यात भोंदूगिरी नाही. सन १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी या बियांतून ती वेगळी काढली होती, म्हणजे सशांच्या प्रयोगाच्या वीस वर्षे आधी. १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना हे चूर्ण देऊन पाहिले. पुढे झंडू कंपनीच्या शुद्ध केलेल्या चूर्णावर आपल्या देशात ६० रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली, तिचा अहवाल १९९५ चा. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून दिवसातून तीन ते सहा वेळा. रुग्णांना फरक पडला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर नेहमीची गोळी आणि हे चूर्ण यांची तुलना झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा असर गोळीच्या निम्म्या वेळात सुरू झाला आणि अर्धा तासभर जास्त टिकला.

मग गोळी सोडून पुडीच का घेऊ नये? हिशेब करून पाहू. त्या लंडनच्या प्रयोगात ३० ग्रॅम चूर्णात सुमारे १,००० मिलिग्रॅम लेवोडोपा होती. चूर्णात कार्बिडोपाचा पहारा नाही, तेव्हा चार-पाच हिस्से वाटेतच जातात. म्हणजे गोळीतल्या १०० मिलिग्रॅमची बरोबरी करायला साधारण पंधरा ग्रॅम चूर्ण एका वेळेस लागते, तेही चांगले परीक्षण केलेले. दिवसातून तीनदा म्हणजे ४५ ग्रॅम. घरी आणून दिलेल्या पुडीत किती लेवोडोपा आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण बी कुठले, केव्हा काढले, कसे सोलले-शिजवले यावर ते प्रमाण बदलते. आज गुण येतो, उद्या येत नाही, परवा जास्त होऊन ओकाऱ्या होतात. कच्चे बी तर विषारीच. १९८९ मध्ये आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये उपासमारीच्या काळात लोकांनी याच बिया नीट न शिजवता खाल्ल्या आणि दोनशेहून अधिक माणसांना वेडाचे झटके आले. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे डॉक्टरांना न सांगता गोळी आणि पुडी दोन्ही घेणे. दोन्हीकडून लेवोडोपाच जाते. भ्रम, रक्तदाब खाली येऊन पडणे, जादा हालचाली हे सारे मग गोळीच्या नावावर जमा होते. आयुर्वेदाला माझा विरोध नाही. जाणत्या वैद्याकडून, परीक्षण केलेले चूर्ण, मेंदूच्या डॉक्टरांना सांगून घ्या. पुडी बांधून देणारा शेजारी मायेचा असतो, पण त्याच्याकडे तराजू नसतो.

उलट बाजूही सांगून टाकतो. काही गोळ्या कंपवात आणतात किंवा असलेला वाढवतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवर दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, आणि मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधे. आपल्याकडे चक्कर आली की एकदा लिहून दिलेली गोळी लोक वर्ष-वर्ष मेडिकलमधून आणून खातात. हात थरथरू लागले की त्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते! तेव्हा कंपवाताचा शिक्का मारून घेण्यापूर्वी घरातल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. असा कंप ते औषध बंद केल्यावर बहुधा काही महिन्यांत जातो. मानसिक आजाराची गोळी मात्र कोणी मनाने बंद करू नये.

गोळी कशी द्यायची, यावर तिचा निम्मा गुण अवलंबून आहे. लेवोडोपा आणि आपल्या जेवणातली प्रथिने आतड्यातून आत शिरायला एकाच दाराशी उभी राहतात. मासळीचे कालवण, अंडे, कुळथाची पिठी, डाळ यांच्याबरोबर गोळी घेतली की ती मागे रेटली जाते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. सुरुवातीला मळमळ झाली तर एखादे बिस्कीट किंवा केळे चालेल. मासळी सोडू नका, भाट्यात राहून ते शक्यही नाही आणि अशा रुग्णाला ताकद हवीच असते. दुपारी कमी, रात्री जास्त असे करून काहींना बरे वाटते. रक्तवाढीची लोहाची गोळी त्याच वेळी देऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. सावकाश विरघळणारी गोळी चावू नये, कुटूही नये. वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी. आठची गोळी साडेनऊला दिली तर तो दीड तास आजोबांच्या अंगावरून जातो.

आणि ही गोळी एकदम बंद करू नये. पैसे संपले, पाऊस लागला, गावी लग्नाला गेलो आणि पाकीट राहिले, कारण काहीही असो. एकाएकी बंद केल्यास तीव्र ताठरपणा, जोराचा ताप आणि बेशुद्धी येऊन जीवावर बेतू शकते. पावसाळ्यात आंब्याच्या घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता बंद होतो हे आपल्याला नवे नाही, तेव्हा घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असाव्यात. दुसऱ्या कारणाने इस्पितळात भरती झाल्यास नर्सबाईंना पहिल्याच तासात गोळीच्या वेळा लिहून द्याव्यात.

खर्चाचे दोन शब्द. लेवोडोपा-कार्बिडोपा ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीवर सरकारी नियंत्रण असते. जनऔषधी केंद्रात विचारावे. तेथे कंपनीचे नाव पाहू नये, पाकिटावरचे औषधाचे नाव आणि आकडा पाहावा. सिव्हिलमध्येही बाहेरची चिठ्ठी घेण्याआधी औषध आत शिल्लक आहे का, ते खिडकीवर विचारून घ्यावे. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत होते, पण ती लाखांच्या घरातली आणि निवडक रुग्णांसाठीच असते. ज्याला लेवोडोपाने गुण येतो त्यालाच बहुधा तिचाही उपयोग. कर्ज काढून कोणी तिच्या मागे धावण्यापूर्वी दोन डॉक्टरांचे मत घ्यावे.

ज्यांचे नातेवाईक मुंबई-पुण्याला आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये पार्किन्सन्स रुग्णांची संस्था स्थापन झाली, तिचे मदतगट चालतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे व्यायाम शिकवतात आणि घरच्यांना चार शब्द बोलता येतात. व्यायाम हाही औषधाचाच भाग समजा. रोज भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या, टणक वाळूतून मोठी पावले टाकत, हात हलवत अर्धा तास चालणे याला चिठ्ठी लागत नाही. सोबत माणूस मात्र हवा, सुरूबनातल्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो.

शेवटी कागदपत्रांचे. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जाते आणि सही जुळत नाही म्हणून बँकेत पेन्शन अडते. आजारी व वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष चालतो, त्यांतला एक बँकेचा माणूस असावा लागतो. अशी सूचना रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. ती नम्रपणे दाखवून द्यावी. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाल्यास एस. टी. भाड्यात सवलत व अन्य योजनांचा लाभ घेता येतो. तपासणीला जाताना आधार कार्ड, फोटो, सर्व जुने केसपेपर आणि एक वही न्यावी. वहीत आठ दिवस चार रकाने भरलेले असावेत. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, किती वाजता हालचाल मोकळी झाली, किती वाजता बंद पडली. डॉक्टरांनाही मात्रा ठरवायला तीच वही लागते. भाट्याच्या सूनबाईंनी ती सुरू केली आहे. शाळेत जाणारी नात रकाने आखून देते.